घराकडे जाऊन येतो

यवतमाळला दारव्हा रोडवर राहणाऱ्या आमच्या काकाजींना कुणी विचारलं, ‘काय सुरू आहे सध्या?’ तर ते एवढंच म्हणतात, ‘घराचं.’ ऐकणाऱ्याला वाटतं बांधकाम काढलं असेल. नाहीतर भावाभावांत वाटण्या सुरू असतील. यातलं काहीच नसतं. काकाजींचं वडिलोपार्जित घर दारव्ह्याला आहे, त्यात कुणी राहत नाही आणि त्याला कुलूप आहे. एवढंच ते ‘घराचं’. ज्या घरात कुणी राहत नाही त्या घराला इतकी कामं असू शकतात, हे काकाजी शिक्षकाच्या नोकरीतून सेवानिवृत्त होईपर्यंत आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकूंचं म्हणणं थोडक्यात असं, ‘या घरातला बल्ब गेला तर महिनाभर अंधारात बसतीन. तिकडं चिमणी उडाली तरी हे एसटीत जाऊन बसते.’

यवतमाळ ते दारव्हा हे अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. काकाजींची पासष्टी उलटली तेव्हा एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि तिथून त्यांना कुणी आवरू शकलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली, तेव्हापासून तर ते पंचाहत्तरीची वाट पाहणारे महाराष्ट्रातले बहुधा एकमेव गृहस्थ असावेत. मार्च 2023 मध्ये बायकांचंही तिकीट अर्धं झालं. काकाजी त्या दिवशी पेपर घेऊन आनंदाने स्वयंपाकघरात गेले. काकू म्हणाल्या, ‘अर्ध्या तिकिटात पूर्ण झाडू माराले मी येत नाही.’ तो विषय तिथेच मिटला.

जायच्या दिवशी पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असते. तीत खिळे, तारेचा गुंडाळा, वाळवीच्या औषधाची बाटली, मशीनचं तेल, जुनं धोतर (पुसायला), डबा, आणि किल्ल्यांचा जुडगा. हा जुडगा पाहण्यासारखा आहे. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. लाल समोरच्या दाराचा, हिरवा कोठीचा, पिवळा सांधवाडीच्या दाराचा. दोन किल्ल्यांना काळा दोरा आहे. त्या कशाच्या हे काकाजींनाही माहीत नाही, पण ‘एखाद्या वेळेस काम पडते’ म्हणून त्या जातात आणि परत येतात.

घरी पोचल्यावर ते लगेच कुलूप उघडत नाहीत. आधी बाहेरून एक चक्कर. भिंतीला कुठे ओल आली, पिंपळाचं रोप कुठून डोकावलं, कवेलू किती सरकले. हे काम मुख्यतः वानरांचं. आमच्या भागात वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की घरमालकाच्या त्या वर्षीच्या खर्चाचा आराखडा तयार होतो. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरणारा माणूस स्वतःहून दारात येऊन उभा राहायचा. आता त्याच्या मुलाला फोन करावा लागतो, आणि मुलगा विचारतो, ‘काकाजी, टिनं का नाही टाकत?’ एका बाजूला काकाजींनी टिनं टाकून पाहिली. वानरांना ती इतकी आवडली की आता ते मुद्दाम त्या बाजूने जातात.

मग दार. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे सागवानी खांबांवर बोटाच्या पेरांनी टकटक करणं. आमच्या जिल्ह्यात जुन्या घरात सागवान भरपूर. जंगल जवळ होतं आणि पणजोबांचा हातही सढळ होता. काकाजी खांबाला कान लावतात, डोळे मिटतात, आणि पुढच्या खांबाकडे जातात. वाळवी कुठे लागली हे त्यांना आवाजावरून कळतं असं त्यांचं म्हणणं आहे. एकदा एक जुनं लाकूड घेणारा व्यापारी आला होता. तो घर बघायला तयार नव्हता. फक्त समोरचं दार चौकटीसकट मागत होता आणि बरा भाव देत होता. काकाजींनी त्याला चहा पाजला आणि मग विचारलं, ‘दार तुम्ही नेसान, मंग कुलूप मी कायले लावू?’

कुलपाबद्दल सांगायलाच हवं. परत निघताना काकाजी कुलूप लावतात आणि ओढून पाहतात. मग पुन्हा ओढतात. चार पावलं जाऊन मागे येतात आणि एकदा शेवटचं ओढतात. बसस्टँडवर बस लागलेली असताना, कंडक्टरने घंटी दिलेली असताना, ते उतरून पुन्हा कुलूप ओढायला गेल्याचंही त्या स्टँडवरचे पानठेलेवाले सांगतात. काकाजी हे नाकारत नाहीत. ‘लागलं होतं,’ एवढंच सांगतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपण गेलो म्हणूनच ते लागलेलं होतं असा भाव असतो.

रिकाम्या घराच्या मालकाचा खरा छंद मात्र वेगळा असतो. घर रिकामं नाही असं जगाला भासवणं हा तो छंद. या कलेत काकाजींनी बरेच प्रयोग केले. पहिला प्रयोग चपलांचा. दाराबाहेर एक जुना जोड ठेवायचा, म्हणजे चोराला वाटेल आत माणूस आहे. पंधरवड्यात चपला गेल्या. घर शाबूत, कुलूप शाबूत, चपला तेवढ्या गेल्या. काकाजींनी यातून काढलेला निष्कर्ष असा की चोर आला होता आणि घाबरून चपलांवरच समाधान मानून गेला, म्हणजे युक्ती लागू पडली. तेव्हापासून तिथे एक मोठ्या मापाचा जोड असतो. ‘आतला माणूस धिप्पाड आहे असं वाटलं पाह्यजे.’

दुसरा प्रयोग बल्बचा. ओसरीत एक बल्ब कायमचा चालू ठेवला. रात्री ठीक होतं. पण भर दुपारी बारा वाजताही तो जळायचा, आणि ज्या घरात दिवसा बल्ब जळतो त्या घरात कुणी नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. मग बल्ब लावण्या-विझवण्याचं काम समोरच्या मावशींकडे दिलं. तिसरा प्रयोग पेपरचा. रिकाम्या घराला रोजचा पेपर लावला. आठ दिवसांनी काकाजी गेले तर दारात पेपरांची चळत. ती पाहून मावशी म्हणाल्या, ‘मास्तर, आता तं बाहेरगावच्यालेही समजते का इथं कोणी नाही.’ पेपर बंद झाला. जुन्या पेपरांचा ढीग मात्र कोठीत आहे, कारण काच पुसायला लागतो. खिडक्यांना काचा नाहीत हा भाग वेगळा.

विजेचं बिल हे आणखी एक प्रकरण. महावितरणच्या बिलात युनिट शून्य असलं तरी स्थिर आकार येतोच. हे काकाजींना पटत नाही. ‘वापरलं काय? काहीच नाही. मंग पैसे कायचे?’ त्यांना कुणीतरी सुचवलं की मीटरच कापून टाका. त्या सूचनेवर काकाजी असे पाहत राहिले, जणू त्यांना घराचं श्राद्ध घालायला सांगितलं होतं. मीटर म्हणजे घर जिवंत असल्याचा कागद. घरपट्टीची पावतीही तशीच. नगर परिषदेची घरपट्टी थकली की महिन्याला 2 टक्के शास्ती लागते हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण त्यांची स्वतःची कधी थकत नाही. राहत्या घराची एकदा थकली होती.

पुण्याला वाकडला असलेल्या पुतण्याने एकदा या सगळ्यावर कायमचा उपाय म्हणून कॅमेरा बसवून दिला. घराचं दृश्य सगळ्यांच्या मोबाइलवर दिसू लागलं. पुण्याच्या, हैदराबादच्या, न्यू जर्सीच्या. एका रात्री, म्हणजे तिकडे दुपार असताना, न्यू जर्सीहून फोन आला, ‘काका, आपल्या ओसरीत मगर आहे.’ काकाजी कसलेले मालक. ते म्हणाले, ‘थांब, पाह्यतो,’ आणि चष्मा लावला. कॅमेऱ्याच्या काचेवर पाल बसली होती. पाल गेली, तर कोळ्याने जाळं विणलं आणि घरावर दाट धुकं पडल्याचं सगळ्या कुटुंबाला दिसू लागलं. मग वीज गेली, आणि वीज आली तेव्हा कॅमेऱ्याला वायफायची आठवण राहिली नव्हती. काकाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. घर मोबाइलवर दिसायला लागलं तर माणसाने जायचं कशाला?

आता बारा वर्षांबद्दल. मुदत कायदा 1963 चा, त्यातली बारा वर्षं. दुसऱ्याच्या जागेवर कुणी उघडपणे, सलग, मालकाला न जुमानता बारा वर्षं ताबा ठेवला आणि मालक गप्प बसला, तर मालकाचा हक्क जाऊ शकतो, हे काकाजींनी शाळेच्या स्टाफरूममध्ये एका वकिलाच्या भावाकडून ऐकलं. तेव्हापासून त्यांची झोप हलकी झाली. मावशींची बकरी काकाजींच्या ओट्याच्या खुंट्याला बांधलेली असते. बकरी बांधल्याने घर बकरीचं होत नाही, हे कुणीही वकील सांगेल. पण काकाजी जोखीम घेत नाहीत. प्रत्येक भेटीत ते बकरी सोडतात, हातभर सरकवून दुसऱ्या खुंट्याला बांधतात आणि म्हणतात, ‘खंड पडला.’ मावशी हसतात. संध्याकाळी बकरी पुन्हा जुन्या खुंट्याला.

‘भाड्याने का देत नाही?’ हा प्रश्न काकाजींना प्रत्येक लग्नात किमान एकदा विचारला जातो. द्यायला ते तयार असतात, फक्त माणूस मिळत नाही. वकील नको, तो पुढे आपल्यालाच नोटीस देईल. पोलीस नको, भाडं मागायची हिंमत होणार नाही. व्यापारी नको, कोठीत माल भरेल. बँकेचा अधिकारी चालेल, बदली होते, पण बँकवाल्याला हे घर चालत नाही कारण संडास सांधवाडीत आहे. मास्तर? ‘मास्तर तं मुळीच नको. त्याले दिवसभर वेळ असते. तो घराले सोडनच नाही.’ हे ते पूर्ण अनुभवातून बोलतात. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवावा लागतो आणि तसा केला की मालकाची बाजू भक्कम राहते, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘बरोबर आहे. पण भाडेकरू आला म्हंजे बंगईवर तो बसन ना?’

आणि खरी गोष्ट तोंडातून निसटल्यासारखं त्यांनी पानाचा डबा उघडला. बंगई ही ओसरीत टांगलेली, जाड सागवानी फळीची, पितळी कड्यांची. मशीनचं तेल जातं ते या कड्यांसाठी. सगळी कामं आटोपली की काकाजी बंगईवर बसतात, डबा खातात, पडतात, आणि चारच्या बसपर्यंत घोरतात. यवतमाळच्या फ्लॅटमध्ये ते ‘तिसऱ्या मजल्यावरचे सर’ आहेत. दारव्ह्यात रस्त्याने जाणारा कुणीतरी ओसरीत डोकावून ‘काय मास्तर, कधी आले?’ म्हणतो. मला तर वाटतं, एसटीचं अर्धं तिकीट त्या प्रश्नासाठीच काढलेलं असतं. वाळवीचं औषध हे निमित्त.

विकण्याचं म्हणाल, तर ते काकाजींच्या एकट्याच्या हातात नाही, आणि याचा त्यांना फार मोठा आधार आहे. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव. वारस नोंद करायची तर भाऊ, पुतणे, आत्याबाई, आत्याबाईंची मुलं. 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच हक्क मिळाला, तेव्हापासून आत्याबाईंना दिवाळीला मिळणाऱ्या साडीचा दर्जा सुधारला आहे. हक्कसोडपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक वारस न्यू जर्सीत, एक ध्यानाला बसलेला, एकाशी तीस वर्षं बोलणं नाही. गिऱ्हाईक आलं की काकाजी ही वंशावळ मोठ्या उत्साहाने सांगतात. अर्ध्यात गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं आणि काकाजींना हुरूप येतो.

शिवाय रेल्वे येणार आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग दारव्ह्यावरून जाणार, हे काकाजी नोकरीत होते तेव्हापासून ऐकत आहेत. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली तेव्हा ते मुद्दाम कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घेऊन आले. ‘कळंबपर्यंत आली ना! आता यवतमाळ, मंग दारव्हा. भाव कुठं जातीन पाह्यजा.’ दारव्ह्याला रेल्वे नवी नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज शकुंतला तिथूनच जायची आणि मोतीबाग स्टेशनवर थांबायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला इंग्रज कंपनीने टाकलेली ही लाइन. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं. गंमत अशी की 1951 मध्ये देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या त्यात ही राहून गेली. मालकी किलिक निक्सन कंपनीकडेच, गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, आणि मोबदला जायचा कंपनीला. काकाजींना या कंपनीबद्दल मनापासून आदर आहे. ‘साहेब लोक हजारो मैलांवर बसून होते, पण सोडली का त्याहिनं मालकी? मंग मी 40 किलोमीटरवरून कायले सोडू?’

काकूंनी भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, ‘त्याहिले भाडं तरी भेटे.’

वर्षातून तीन दिवस मात्र हे घर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. त्या या घरातच बसतात, दुसरीकडे नाही, असं पणजींनी सांगून ठेवलं आहे. पुणं येतं, हैदराबाद येतं, न्यू जर्सी व्हिडिओवर येते. कोठीतले गुंड-गंगाळ निघतात, मुखवटे निघतात, आंबील शिजते, सोळा भाज्या एकत्र होतात, आणि चाळीस माणसांना एक संडास पुरतो. जेवणं झाल्यावर वाकडचा पुतण्या ढेकर देत बंगईवर बसतो आणि भरल्या गळ्याने म्हणतो, ‘काका, काहीही झालं तरी हे घर विकायचं नाही हं.’ सगळे माना डोलावतात. कवेलूच्या खर्चाचा विषय काकाजी काढतात तोवर सगळ्यांना गाडीची वेळ झालेली असते. जाताना कुणी पितळी दिवा नेतं, कुणी जुनी पायली. ‘शोकेसमध्ये छान दिसेल.’ चोराने चपला नेल्या तेव्हा काकाजींनी पंचक्रोशीत बोभाटा केला होता. पायली गेली तेव्हा ते स्वतः पेपरात गुंडाळून देत होते. कोठीतला ढीग असा कामी येतो.

या घराने काकाजींना एकदाच पैशाची नव्हे, पण अब्रूची परतफेड केली. 2018 चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह दोन्ही प्रकल्प तळाला गेले, आणि नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नव्हतं. टँकरवर भांडणं. त्या दिवसांत दारव्ह्याच्या रिकाम्या घरातल्या विहिरीला पाणी होतं. शेजारचा एक जण गाडी घेऊन तिकडे जायचा, त्याच्यासोबत काकाजी जायचे आणि डिक्कीत कॅन भरून आणायचे. तिसऱ्या मजल्यावर कॅन चढवताना ते प्रत्येक पायरीवर थांबून भेटेल त्याला सांगत, ‘घरचं पाणी आहे.’ त्या उन्हाळ्यात काकूंनी त्या घराबद्दल एक शब्द काढला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि पहिला शब्द निघाला.

जनगणनेचं एक राहिलंच. 2011 ला देशात 2.5 कोटींच्या आसपास घरं रिकामी निघाली. काकाजी तेव्हा मास्तर, म्हणून प्रगणकही. लोकांच्या घरांवर ते बिनदिक्कत ‘रिकामं’ अशी नोंद करत फिरले. पण दारव्ह्याच्या प्रगणकाने त्यांच्या घराबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी त्याला शासनाची सूचना वाचून दाखवली. कुलूपबंद घर आणि रिकामं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सबब आमचं घर कुलूपबंद लिहा. त्याने तसं लिहिलं. देशातल्या त्या अडीच कोटींत काकाजींचं घर नाही.

तुमच्या घरातही एखादे काकाजी असतील. पुसदला, वणीला, उमरखेडला, नाहीतर तुम्ही स्वतःच पुण्याच्या बाल्कनीत बसून ‘एकदा गावाकडे चक्कर मारायला पाहिजे’ म्हणत असाल. तुमचं तुम्ही बघा. आमच्या काकाजींपुरती एकच सूचना. दारव्ह्याच्या बाजूला जाणं निघालं तर त्यांना कळू देऊ नका. कळलं, की स्टँडवर पिशवी घेऊन येतील आणि तुमच्या हातात देतील, अर्धा किलो खिळे, तेलाची बाटली, लाल दोऱ्याची किल्ली, आणि मीटरचा फोटो काढून आणायचं काम. कुलूप किती वेळा ओढायचं तेही सांगतील. तेवढ्या वेळा ओढा, कारण मावशी मोजतात.